बॅटरी म्हणजे पैशाचा चुराडा? मग भर उन्हात आमच्या घरात अंधार का होता?

दापोलीकर : काल ‘जमाखर्च’ यांनी लिहिले की, छपरावर सौर पॅनेल आणि नेट मीटर (ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेली आणि तिथून घेतलेली वीज मोजून वजावट करणारे मीटर) असलेल्या घराने बॅटरी घेणे हा पैशाचा चुराडा आहे आणि ती घेणारे विक्रेत्याच्या बोलण्याला भुललेले असतात. ‘भुललेले’ हा शब्द वाचला नसता तर मी गप्प बसलो असतो. मी भुललो खरा, पण नेमका उलट बाजूने. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 78,000 रुपयांचे अनुदान मिळते म्हणून 2024 च्या दिवाळीत तीन किलोवॉटची ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेली, सौर यंत्रणा बसवली आणि बॅटरीला नको म्हणालो. गेल्या जूनमध्ये वादळी वाऱ्याने वाडीकडे येणारे खांब आडवे झाले आणि चार दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लख्ख ऊन पडले होते, छपरावर पावणेदोन लाखांचा ऐवज तापत होता, विहीर काठोकाठ भरली होती, आणि खाली पंप बंद, नळ कोरडे, मासेमारी बंदीच्या आधी फ्रीजमध्ये भरून ठेवलेली सुरमई वास मारू लागलेली. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवर तेवढा लाल दिवा लुकलुकत होता. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आले तेव्हा तर आमच्याकडे कित्येक आठवडे अंधार होता, हे पुण्यात बसून हिशेब मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

जमाखर्च : शब्द मागे घेतो, हिशेब मागे घेत नाही. दुपारी ग्रिडला दिलेले युनिट मला रात्री जसेच्या तसे परत मिळते, म्हणजे ग्रिड हीच माझी बॅटरी आहे आणि तिच्यात पाणी घालावे लागत नाही. आमच्याकडे वर्षभरात फार तर तीस तास लाइट जाते. पाच युनिटांची लिथियम बॅटरी मला सव्वा लाखाला सांगितली. ती दहा वर्षे टिकली असे धरले, तरी अंधाराच्या प्रत्येक तासाला चारशे रुपयांहून अधिक पडतात. तेवढ्यात मी घरच्यांना बाहेर जेवायला नेईन.

निवृत्त अभियंता : दोघांचेही अर्धे बरोबर आहे. दापोलीकरांचा इन्व्हर्टर बिघडला नव्हता, तो नियमाप्रमाणे वागला. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडचा दाब आणि पन्नास हर्ट्झची लय पाहूनच चालतो. ती लय तुटली की तो स्वतःहून बंद होतो, कारण तसे झाले नाही तर रोहित्र बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती तुमच्या छपरावरची वीज येईल. माझ्या नोकरीच्या काळात एका घरगुती जनरेटरची वीज अशीच उलटी तारेत आली होती आणि आमचा माणूस थोडक्यात वाचला, म्हणून या विषयावर मला विनोद सुचत नाहीत. नुसती बॅटरी आणूनही भागत नाही. ग्रिड गेल्यावरही बॅटरीवर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि अत्यावश्यक उपकरणांचे वेगळे वायरिंग लागते. पंप त्यावर टाकू नका. सुरू होताना तो नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह ओढतो. आणि जमाखर्च, तुमचे बिल शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो, शिवाय मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुम्ही विकत घेता त्या भावाच्या जवळपासही नसतो.

तिसरा मजला : आपण सर्व छपरांचे मालक आहात, म्हणून ही चर्चा परवडते. आमच्या चोवीस सदनिकांना प्रत्येकी तीन किलोवॉट म्हटले तर सात हजार चौरस फुटांहून अधिक जागा लागेल. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून आमच्याकडे अडीच हजार उरते. त्या अडीच हजारांना वरच्या मजल्यावरील सभासदांनी कुलूप लावले आहे, कारण तेथे त्यांच्या कुरडया वाळतात. तीन सर्वसाधारण सभा याच विषयावर झाल्या.

नाइलाजाने सचिव : गच्ची सामायिक असते, कुलूप काढायला लावा. आमच्या संस्थेने लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी दहा किलोवॉट बसवले. संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. हजार चौरस फूट गेले. सांगाडा आठ फूट उंच घेतला आणि वाळवण त्याखाली घाला असे सुचवले, तेव्हा एका आजींनी विचारले, “सावलीत कुरडया वाळतात का?” त्याचे उत्तर अद्याप माझ्याकडे नाही.

तिसरा मजला : म्हणजे लिफ्टला सूर्यप्रकाश आणि माझ्या घराला महिन्याचे तेच बिल! आपण सचिव आहात हे न सांगताही कळले असते.

नाइलाजाने सचिव : लिफ्टचे बिल देखभाल खर्चातून जाते आणि तो खर्च आपणच भरता, एवढे तरी सभेला येणाऱ्या माणसाला ठाऊक असावे. आपण त्या तीनही सभांना हजर होता काय?

तिसरा मजला : दोन सभांना होतो. तिसरी गच्चीवर ठेवली होती आणि किल्ली मिळाली नाही.

दापोलीकर : कुरडया उतरवून झाल्या असतील तर पुढे लिहितो. अभियंत्यांचे पंपाबद्दलचे म्हणणे पटले, जरी ते मला दीड वर्ष आधी कोणी सांगायला हवे होते. पंप सोडला तर फ्रीज, दोन पंखे आणि चार दिवे एवढ्याला पाच युनिटे रात्रभर पुरून उरतात. आता जमाखर्च यांच्याच रीतीने माझे आकडे घालतो : आमच्याकडे गेल्या वर्षी साधारण अडीचशे तास वीज नव्हती. तोच सव्वा लाख, तीच दहा वर्षे, म्हणजे तासाला पन्नास रुपये. नासलेली सुरमई याहून महाग होती.

जमाखर्च : पन्नास रुपये मान्य. मात्र हायब्रिड इन्व्हर्टरची किंमत आपण त्यात धरलेली नाही, आणि जुना इन्व्हर्टर घ्यायला कोणी येणार नाही.