आयक्लर घर: काचेच्या भिंती, सपाट छप्पर आणि आपली फोडणी

ओळंबा
मिडसेंच्युरी मॉडर्नची, म्हणजे विसाव्या शतकाच्या मधल्या घर-फर्निचरच्या शैलीची, चर्चा दरवेळी खुर्चीच्या निमुळत्या पायांपाशी येऊन अडते, म्हणून हा धागा फक्त घराबद्दल. नुसतं "मस्त" किंवा "भकास" लिहू नका, का ते लिहा.

उदाहरण आयक्लरचं घेऊ. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, क्युपर्टिनो, पालो आल्टोत घर शोधणाऱ्या मराठी माणसाला एजंट ते कधी ना कधी दाखवतोच. जोसेफ आयक्लर हा बिल्डर. अ‍ॅन्शन-अ‍ॅलन, जोन्स-एमन्स, क्लॉड ओकलंड अशा वास्तुविशारदांकडून आराखडे करून घेऊन त्याने १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कॅलिफोर्नियात ११,००० च्या आसपास घरं बांधली. रस्त्याच्या बाजूने जवळजवळ बिनखिडकीची भिंत, मागच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काच.

माझं मत: घर उत्तम, पण अटी घालून येतं. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर साधारण दीड इंच जाडीच्या फळ्या. आतून बघाल तर तेच छत, वर चढाल तर तेच छप्पर. माळा नाही, जमिनीखाली पोकळी नाही. वायर, पाइप, डक्ट लपवायला जागाच ठेवलेली नाही. हे ज्याला पटतं त्याने खुशाल घ्यावं. "आधी घेऊन टाकू, मग आपल्या सोयीने फिरवू" म्हणणाऱ्याने लांब राहावं.

पागोळी
साफ असहमत. घराने माणसाला अटी घालायच्या, हे कौतुक कशाला? सपाट छप्पर म्हणजे पावसाशी उघड उघड भांडण. उतार नावापुरता, त्यात वर्षं सरली की तुळया मधे किंचित झुकतात आणि तिथेच पाणी साचतं. डांबर-खडीच्या जुन्या थरात चीर गेली तरी ती खडीखाली दिसत नाही. फळीच्या सांध्यातून पाणी तीन-चार फूट सरकतं आणि मग टपकतं. छतावर डाग एकीकडे, भोक भलतीकडे.

उष्णतेचं काय? दीड इंच लाकडाचं इन्सुलेशन आर-२ सुद्धा भरत नाही (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं). ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता त्या छताखाली बसून "मस्त" म्हणून दाखवा.

ओळंबा
दोन्ही तक्रारी खऱ्या, आणि दोन्हींवर उपाय एकच. जुना थर खरवडून काढायचा आणि पॉलियुरेथेन फोम फवारायचा. दर इंचाला साधारण आर-६ मिळतं, आणि खोलगट जागी फोम जाड मारून उतार काढून घेता येतो. मात्र फोमला ऊन सोसत नाही. वरचं कोटिंग उडालं की तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. कोटिंग दर काही वर्षांनी, झिजेल तसं, पुन्हा मारावंच लागतं. लोक इथेच चालढकल करतात.

दुसरी चूक खिळ्यांची. ही घरं माहीत नसलेला रूफर, म्हणजे छप्पर करणारा, नेहमीच्या सवयीने पावणेदोन इंची खिळे ठोकतो. दिवाणखान्यात मान वर करा, फळीतून ओळीने टोकं डोकावताना दिसतील. ती खालून कापायची तर प्रत्येक टोकाशी लाकूड दुखावतं. काम देण्याआधी पहिला प्रश्न खिळ्याच्या लांबीचा विचारा.

फोडणी
छप्पर राहू द्या, स्वयंपाकघराचं बोला. उघडं स्वयंपाकघर, समोर दिवाणखाना आणि वर बिनरंगाचं लाकडी छत. तेलाची वाफ थेट त्या फळ्यांत मुरते. रंगाची भिंत पुसता येते, कच्चं लाकूड नाही. हे घर सँडविच खाणाऱ्यांसाठी काढलंय, हे सरळ मान्य करा.

रंधा
सँडविचला दोष देऊ नका, चिमणीचा आकार चुकतो. ३० इंची शेगडीवर ३६ इंची हुड लावा, शेगडीपासून २४ ते ३० इंच उंचीवर. बाजूच्या बर्नरची वाफ नेमकी त्या जास्तीच्या तीन-तीन इंचांत पकडली जाते. डक्ट आठ इंची गोल घ्या. सहा इंचीपेक्षा त्याचं क्षेत्रफळ पावणेदोन पट भरतं, आवाज कमी होतो. डक्ट सरळ वर न्या, दोन तुळयांच्या मधल्या फळ्यांतून. तुळईला हात लावायचा नाही, ती घराचा भार घेऊन उभी आहे. छपरावर डक्टभोवती पत्र्याची कॉलर आधी, फोम नंतर. क्रम उलटा झाला की पहिल्याच पावसात गळणार.

ओट्यातून वर येऊन वाफ खाली खेचणाऱ्या डाउनड्राफ्टच्या नादी लागू नका. उंच पातेल्याची वाफ त्याच्या तोंडाच्या वरूनच निसटते. आणि हुड ४०० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा ओढण्याच्या) पुढचा असेल तर बाहेरची हवा आत यायला वाट ठेवा, नाहीतर तो गॅसच्या बॉयलरचा धूर उलटा घरात ओढेल.

फोडणी
म्हणजे पोह्यांसाठी छप्पर फोडायचं. बरं.

ओसरी
सगळे पाइप मोजताय, म्हणून वेगळा मुद्दा. पुढच्या काळातल्या बऱ्याच आयक्लरमध्ये मधोमध एट्रियम आहे: रस्त्याचं दार उघडलं की आधी आकाश, मग घर. हा आपल्या वाड्याचा चौकच. बाहेरच्यांना पाठ, आतल्यांना उजेड. त्या काळातल्या इतर कॅलिफोर्नियन घरांना पुढे हिरवळीची जाहिरात लागते, याला लागत नाही.

आणि ही घरं कोणाला विकायची, यावरही आयक्लरचं मत ठाम होतं. वर्ण, धर्म न बघता तो घर विकायचा. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली नाही म्हणून १९५८ मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. शैलीचं मूल्य नुसत्या काचेत मोजायचं नसतं.

पागोळी
राजीनाम्याला नमस्कार. पण गळक्या छपराचा हिशेब त्याने फिटत नाही.

आणि चौकाशी तुलना तर अजिबात नको. वाड्याचा चौक भोवतालच्या जोत्यापेक्षा चांगला खाली असतो, पागोळ्या चौकात पडतात आणि पाणी मोरीवाटे बाहेर जातं. चौक तुंबला तरी ओसरी कोरडी राहते. आयक्लरमध्ये एट्रियम आणि खोलीची फरशी यांत जेमतेम काही इंचांचा फरक, आणि लोक वरून सुंदर टाइल्स घालून तोही संपवतात. पाणी जायची वाट म्हणजे जमिनीच्या काँक्रीट स्लॅबखालून रस्त्याकडे जाणारा एक जुना पाइप. पाचोळ्याने तोंड बंद झालं की तळं सरकत्या दारातून थेट आत. वाडा बांधणाऱ्याला हे कळत होतं.

ओसरी
टाइल्सचा मुद्दा मान्य. एट्रियमची पातळी वाढवू नये, आणि पावसाळ्याआधी, तिकडे म्हणजे ऑक्टोबरात, त्या पाइपात कॅमेरा घालून बघावं. मुळं शिरलेली असतात. पण हा निगेचा प्रश्न झाला. मोरीत बोळा बसला की वाड्याच्या चौकातही पाणी साचायचंच.

कोनमापक
काचेच्या उष्णतेबद्दल दोन्हीकडून ढोबळ बोलणं चाललंय. पालो आल्टोचा अक्षांश साधारण ३७.४ अंश. जूनअखेरीस सूर्य माध्यान्हीला ७६ अंशांवर असतो. दक्षिणेच्या आठ फुटी काचेवर दोन फुटांची झडप, म्हणजे पुढे आलेलं छप्पर, असेल तर सावली बरोबर तळापर्यंत पोचते. डिसेंबरात तोच सूर्य २९ अंशांवर, सावली फूटभर, बाकी सगळं ऊन आत. उन्हाळ्यात अडव, हिवाळ्यात घे. फुकटची सोय.

काच पश्चिमेला असेल तर मात्र हे गणित कोलमडतं. चारनंतर ऊन तिरकं येतं, झडप कितीही काढा. तिथे बाहेरून पडदा किंवा पानगळीचं झाड. आतले पडदे उपयोगाचे नाहीत, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. एकाच नकाशाची दोन घरं, एक सुखाचं आणि एक भट्टी, याचं कारण प्लॉटची दिशा. घर बघायला सकाळी जाऊ नका, दुपारी साडेचारला जा.

पागोळी
आणि भट्टी निघाली तर काच बदला म्हणतील. मूळ काच एकेरी, खांबांच्या मधे लाकडी पट्ट्यांनी धरलेली. दुहेरी काच इंचभर जाड, त्या खाचेत मावत नाही, सगळ्या पट्ट्या नव्याने. चार बाय आठ फुटांची पाव इंची काच ४८ किलोच्या आसपास भरते, दुहेरी त्याच्या दुप्पट. शिवाय जुनी काच टेम्पर्ड नाही. फुटली तर तिचे सुरे होतात. घरात रांगणारं मूल असेल तर निदान सेफ्टी फिल्म आधी.

रंधा
फिल्मला पूर्ण सहमती. भिंतीच्या पॅनेलचंही सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते. ते महोगनी म्हणवणारं लवान नावाच्या लाकडाचं प्लायवुड आहे, पाव इंची. वरचा पापुद्रा कागदासारखा. ऑर्बिटल सँडर (घासायचं यंत्र) लावला की खालचा थर उघडा पडलाच. आधी मिनरल स्पिरिटने पुसा, मग हलक्या हाताने शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश. "खोली अंधारी वाटते" म्हणून पांढरा रंग लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लवानची रंध्रं मोठी असतात, रंग त्यांत बसतो आणि पुन्हा निघत नाही. नवीन पॅनेल आणून लावणं तेवढं उरतं.

फोडणी
अंधारी वाटत नाही, अंधारी असते. चॉकलेटी भिंत, चॉकलेटी छत, रात्री एका गोल दिव्यात भाजी निवडून बघा. माळा नाही म्हणजे छतात दिवेही बसवता येत नाहीत. मी तर रंगच सुचवेन.

ओळंबा
रंगाआधी तुळईच्या वरच्या अंगाला एलईडी पट्टी लावून बघा, उजेड छतावरून परतून खाली येतो. वायर छपरावरून, फोमखालून नेता येते. छप्पर करायचंच असेल तर सगळं वायरिंग त्याच वेळी उरकून घ्या.

शेवटी जमिनीतली उष्णता. स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप आहेत. पायाला इतकी सुखद ऊब दुसऱ्या कशाने मिळत नाही. बहुतेक ठिकाणी तांबं, पण कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई होती, तेव्हाच्या घरांत पोलाद. पोलाद गंजतं. रात्री थर्मोस्टॅट उतरवू नका. चार इंच काँक्रीट पुन्हा तापायला कित्येक तास घेतं. वर जाड गालिचा नको, भरीव लाकडी फ्लोअरिंगही नको. मूळच्या नऊ इंची चौकोनी टाइल्स असतील तर उखडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करा.

पागोळी
आणि तो पाइप गळतोय की नाही, हे घर घेणाऱ्याला कसं कळणार? विकणारा तर "सिस्टिम चालू आहे" एवढंच सांगतो.

ओळंबा
बॉयलरजवळ पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह असतो. गळती तोच झाकतो: जेवढं पाणी जातं तेवढं भरत राहतो, दाबाचा काटा हलत नाही, आणि ताज्या पाण्यातला ऑक्सिजन उरलेलं पोलाद खातो. तो बंद करून काट्याचा फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी, बॉयलर तेवढाच गार किंवा गरम असताना, पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर थर्मल कॅमेरावाल्याला बोलवा. गळतीची जागा नेमकी सापडली तर हातभर भोक पाडून जोड देता येतो. तांब्याला. पोलादाला एका ठिकाणी जोड दिला की पुढचं भोक शेजारीच पडतं, तिथे जमिनीतले पाइप सोडून द्या आणि मिनी-स्प्लिट (खोली गरम-गार करणारा भिंतीवरचा एसी) लावा.

पागोळी
म्हणजे पायाची ऊबही गेली. मग आयक्लरमध्ये उरलं काय, काच?

ओसरी
आणि आकाश.