'जबाब फिरवला' की 'कबुलीजबाब मागे घेतला'?

पेपरात कधी 'आरोपीने जबाब फिरवला' येतं, कधी 'कबुलीजबाब मागे घेतला', एकदा तर 'आरोपी फितूर' पण वाचलं. तिन्ही एकच का? आणि मागे घेतला म्हणजे अर्ज मागे घेतल्यासारखा तो विषयच संपतो ना?

— फितूर आधी बाजूला काढा. फितूर होतो तो साक्षीदार, सरकारी पक्षाने आणलेला आणि पिंजऱ्यात उभा राहिल्यावर उलटलेला. आरोपी मुळात त्यांच्या बाजूचा होता कधी? :) जबाब कुणाचाही असतो, पंचाचा, शेजाऱ्याचा, कबुलीजबाब फक्त आरोपीचा. आणि ते 'पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली' असतं ना, ते कोर्टात आरोपीविरुद्ध चालतच नाही, १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमात २३. टाडात (दहशतवादविरोधी जुना कायदा) चालायचं, मोक्कात (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) चालतं, पण तिथे पण डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त दर्जाचा अधिकारी लागतो. बाकी ठिकाणी मॅजिस्ट्रेटसमोरच, आणि तो आधी बजावतो की बाबा, बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याच अंगाशी येऊ शकतं.

— विषय संपत नाही हो, तिथेच तर 'मागे घेणे' फसवं आहे. कागद रेकॉर्डवर राहतोच. प्यारेलाल भार्गव खटल्यात १९६२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मागे घेतलेल्या कबुलीवर पण शिक्षा होऊ शकते, फक्त ती खरी आणि स्वेच्छेची असल्याची कोर्टाची खात्री पटली पाहिजे, आणि शहाणपणाचा नियम म्हणून दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा बघतात. २६/११च्या कसाबचंच घ्या, फेब्रुवारी २००९मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर कबुली, एप्रिलमध्ये वकिलातर्फे माघार, जुलैमध्ये भर कोर्टात परत कबूल आणि डिसेंबरमध्ये म्हणे पोलिसांनी मारून वदवलं. तरी २०१२ला सुप्रीम कोर्टाने मॅजिस्ट्रेटसमोरचा कबुलीजबाब स्वेच्छेचा धरला. उलट २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांत हायकोर्टाने जुलै २०२५ला मोक्काखालचे कबुलीजबाब फेटाळले, छळाचा मुद्दा होताच आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबातला काही मजकूर सारखाच निघाला. (त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर नंतर सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली.)

— अजून एक, 'नाकारला' वेगळं. 'मी असं बोललोच नाही' हे नाकारणं, 'बोललो पण मारून बोलायला लावलं' हे मागे घेणं. बातम्यांत दोन्हीची सरमिसळ असते. किती उशिरा मागे घेतला हे पण कोर्ट बघतं, पहिल्याच संधीला की वर्षाने वकील भेटल्यावर.

— मग 'कबुलीवरून फिरला' लिहिलं तर?

— बोलण्यात झकास. पण 'फिरला' म्हटलं की आधीचं खरं आणि आत्ताचं खोटं असा वास येतो, आणि तेच तर अजून ठरायचं असतं. बातमीत मी 'मागे घेतला'च ठेवीन, नाइलाज म्हणून.