कँडी लाल रंग : बॉडी आणि बॉनेट यांची छटा जुळत नाही

पाचखिडकी (ओहायो)
नमस्कार. गेली चार वर्षे मी घरच्या गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्डचा पाच खिडक्यांचा कूपे (दोन दारांची गाडी) हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेली जुनी गाडी, म्हणून उभा करत आहे. पत्रा मूळचा आहे, मडगार्ड काढलेले आहेत आणि छप्पर तीन इंच कापून खाली घेतले आहे. रंग कँडी लाल, म्हणजे खाली चांदीरंगी मेटॅलिक बेस, त्यावर पारदर्शक लाल आणि शेवटी क्लिअर, म्हणजे रंगहीन चमकदार थर. बॉडी आणि दारे ऑक्टोबरमध्ये रंगवली. बॉनेटचे पत्रे झरोके पाडण्यासाठी बाहेर दिलेले असल्यामुळे ते मे महिन्यात रंगवले. कंपनी तीच, डब्यावरचा क्रमांक तोच, तरीही बॉडी कोकमाच्या आगळासारखी गडद आणि बॉनेट डाळिंबाच्या दाण्यासारखे उजळ दिसते. गॅरेजमधल्या ट्यूबलाइटखाली हा फरक फारसा जाणवत नाही. गाडी उन्हात ढकलली की काच आणि बॉनेट यांच्यामधल्या सांध्यावर तो लगेच डोळ्यांत भरतो. येथील एक दुकानदार यंत्राने छटा मोजून नवा रंग बनवून देतो म्हणतो. त्यात पैसे घालावेत का?

जुना रंगारी (पुणे)
घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या किंवा मेटॅलिक रंगासाठी ते यंत्र उत्तम काम करते, कारण तिथे छटा डब्यातच ठरलेली असते. कँडीत तसे नसते. या रंगाचे श्रेय कॅलिफोर्नियाच्या जो बेलन यांना दिले जाते आणि पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर मागच्या दिव्यांचा लाल उजेड पाहून त्यांना तो सुचला, असे सांगतात. ही गोष्ट खरी असो वा नसो, दृष्टान्त म्हणून ती चपखल आहे : प्रकाश लाल थरातून आत जातो, चांदीवर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. थर जितका जाड, तितका रंग गडद. तेव्हा तुमचा रंग निम्मा डब्यात आहे आणि निम्मा किती हात मारले त्यात. यंत्र पृष्ठभागाचे माप देईल, पण हात मोजून देणार नाही.

ट्यूबलाइटचेही कारण तेच असावे. तिचा उजेड पसरट असतो. ऊन एका दिशेने येते आणि चांदीचे कण पेटतात.

तुम्ही असे करा. दोन फूट लांबीची पत्र्याची पट्टी घ्या आणि तिच्यावर बॉनेटवर वापरलेलाच प्रायमर व तोच बेस मारा. मग पूर्ण पट्टीवर लाल रंगाचा पहिला हात द्या, एका टोकाची तीन इंच जागा कागद-टेपने झाका, दुसरा हात द्या, आणखी तीन इंच झाका, असे करत सात-आठ पायऱ्या पाडा. शेवटी सगळ्यावर क्लिअर मारायला विसरू नका, कारण क्लिअरशिवाय कँडीची खोली कळतच नाही. वाळलेली पट्टी उन्हात गाडीला लावून पाहा. मात्र बॉनेटच्या बाजूचा पत्रा उभा असल्यामुळे पट्टीही उभीच धरा. आडवी धरली तर चांदी वेगळी चमकेल आणि तुमची फसगत होईल.

हायवे ९९ (कॅलिफोर्निया)
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. बॉडी मधल्या काळात उन्हात उभी होती का? कँडीतला लाल उन्हाने विटतो. दाराच्या आतली कड आणि बाहेरची बाजू शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखी असतील तर ही शंका मिटली. आणि क्लिअर दोन घटकांचा असेल, तर त्याच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असते. कापडी मास्क लावून ते काम करू नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरावा.

पाचखिडकी
दोघांचेही आभार. गाडी झाकलेलीच होती आणि दाराची कड तंतोतंत जुळते. पट्टी काल तयार झाली : बॉनेट चौथ्या पायरीशी जुळते, बॉडी सहाव्या. चूक कुठे झाली तेही आठवले. ऑक्टोबरमध्ये रंग फवारण्याच्या गनचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर पाऊण भाग चढवत होतो, मे महिन्यात घाईत निम्माच चढवला. आता सगळे खरवडून पत्र्यापर्यंत जावे लागेल का?

जुना रंगारी (पुणे)
अजिबात नाही. नशीब की उजळ राहिले ते बॉनेट. गडद झालेला कँडी मागे आणता येत नाही, उजळ मात्र पुढे नेता येतो. क्लिअरला ८०० च्या वॉटर पेपरने समान घासा, पण खालच्या लालपर्यंत पोहोचू नका, नाहीतर तिथे डाग राहील. मग पूर्ण पत्र्यावर, मध्ये न थांबता, लालचे दोन हात आणि पुन्हा क्लिअर. झरोक्यांच्या कडांवर रंग साचून काळपट रेघा उठतात, म्हणून तिथे गन जवळ नेऊ नका आणि हात पातळ ठेवा. हे दोन हात त्याच पट्टीच्या चौथ्या पायरीवर आधी मारून पाहा. ती सहावीशी जुळली तरच बॉनेटला गन लावा.