मदत हवी आहे: कंडिशनल फॉरमॅटिंग भलत्याच ओळी लाल करतंय

अडला_हरी: सकाळपासून डोकं फिरलंय. मुदत उलटलेल्या कामाची अख्खी ओळ आपोआप लाल व्हावी, इतकंच हवंय. फॉर्म्युला बरोबर आहे, दहादा तपासला. तरी भलत्याच ओळी लाल. संध्याकाळी शीट पाठवायचीय, लवकर सांगा.

निशिगंधा: फॉर्म्युला काय? रेंज कुठून? एक्सेल की गूगल शीट्स? दुखतंय कुठे ते न सांगता औषध मागताय.

मॅक्रोबहाद्दर: कंडिशनल फॉरमॅटिंगच्या नादी लागूच नका. दहा ओळींचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहा, बटण दाबलं की रंग.

निशिगंधा: आणि दाबायचं विसरलं की कालचेच रंग. शिवाय मॅक्रो चालला की अनडू गेलं.

मॅक्रोबहाद्दर: नीट लिहिला तर अनडू लागतंच कशाला?

शंकेखोर: डुप्लिकेट नावं रंगवायला हायलाइट सेल्स रूल्समध्ये तयार पर्याय आहे.

अडला_हरी: डुप्लिकेटचा विषयच नाहीये हो! एक्सेल आहे. =$डी१<टुडे() (मोबाइलवर आहे, देवनागरी चालवून घ्या). मुदतीची तारीख डी कॉलममध्ये, रेंज ए२ पासून, पहिली ओळ मथळ्याची. हेही सांगायला हवं होतं का?

निशिगंधा: तेच तर सांगायला हवं होतं! फॉर्म्युला रेंजच्या वरच्या डाव्या सेलच्या जागी बसून लिहायचा. तुम्ही दुसऱ्या ओळीला पहिलीची तारीख बघायला लावलीत, मग तिसरी दुसरीची बघते, असं शेवटपर्यंत. उशीर पाचवीत, लाल सहावी. =$डी२<टुडे() करा. डॉलर फक्त डीच्या आधी. २ च्या आधीही लावलात तर सगळ्या ओळी एकाच तारखेवर नाचतील. आणि फॉर्म्युल्याच्या चौकटीत बाणाच्या कीज दाबायच्या आधी एफ२ दाबा, नाहीतर फॉर्म्युलात भलतेच सेल घुसतात.

अडला_हरी: जमलं! पण आता खालच्या रिकाम्या ओळीही लाल.

निशिगंधा: रिकामा सेल म्हणजे शून्य, ते आजच्या तारखेहून लहानच. =अँड($डी२<>"",$डी२<टुडे())

जुनं_खोड: एक्सेल २००३ मध्ये तीनच अटी लावता यायच्या. भागायचं. आता नुसती रंगपंचमी.

अडला_हरी: अजून एक. २८/०३ ची ओळ लाल होत नाहीये. मुदत कधीच उलटलीय.

निशिगंधा: ती तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलीय का?

अडला_हरी: हो. २८, १९, २५ सगळ्या डावीकडे. ०५/०४ मात्र उजवीकडे.

शंकेखोर: सेंटर अलाइन करा, छान दिसेल.

निशिगंधा: शंकेखोर, हात जोडते. हरीभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरची सेटिंग महिना-आधीची दिसतेय. २८ वा महिना नसतो, म्हणून २८/०३ तारीख न होता मजकूर झाली. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्याहून मोठा, त्यामुळे ती ओळ कधीच लाल होणार नाही. फक्त डावीकडच्या निवडून टेक्स्ट टु कॉलम्समध्ये डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) करा. त्या सुधारतील.

मला भीती उजवीकडच्यांची आहे. ०५/०४ तुम्ही ५ एप्रिल म्हणून लिहिलंत, त्याने ४ मे धरलं असणार. महिना अक्षरांत दिसेल असा फॉरमॅट लावून बघा. त्या मूळ यादीशी ताडून नीट कराव्या लागतील.

अडला_हरी: बघितलं. ४ मे. अरे देवा, याच शीटवरून मी दोघांना 'अजून वेळ आहे' सांगून बसलोय.

मॅक्रोबहाद्दर: मॅक्रो देऊ का?