कारण की निमित्त? विमान अपघाताच्या बातमीतले शब्द

– विमान अपघाताच्या बातमीत 'संभाव्य कारण' वाचलं की मी अडखळते. 'संभाव्य उमेदवार' म्हणजे चारपाच जणांतला कोणीतरी, मग संभाव्य कारण म्हणजे पण 'हे असेल नाहीतर दुसरं काही' असंच का?

– नाही ताई, चौकशी अहवालात त्याचा अर्थ 'पुरावा बघता बहुतेक हेच' असा असतो. तैवानमधल्या तैपेईचं एटीआर ७२, ते दोन पंख्यांचं प्रवासी विमान आठवा, ४ फेब्रुवारी २०१५, सोंगशान विमानतळावरून उडालं आणि तीनेक मिनिटांत कीलुंग नदीत पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले. त्या अहवालात निष्कर्षांचे गटच वेगळे आहेत, संभाव्य कारणांशी निगडित, धोक्याशी निगडित आणि इतर. पहिल्या दिवशी आपण बोलतो, इंजिन गेलं असेल, पक्षी धडकला असेल, त्या सगळ्या नुसत्या शक्यता.

– मग त्यात निमित्त कुठलं? आपण 'साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला' म्हणतो तसं?

– हाच खरा मुद्दा! सोल्डरचा जोड कच्चा होता, त्यामुळे उजव्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पंखा फिरवणारा जोर, सांगणारा सिग्नल मधेच तुटला आणि इंजिन गेलं की आपोआप चालणाऱ्या ऑटोफेदर यंत्रणेने त्या चालत्या इंजिनाचा पंखा फेदर केला. हे निमित्त, कारण असं विमान एका इंजिनावर चढू शकतं, पायलट त्याचाच सराव करतात. पण कॅप्टनने डाव्या, धडधाकट इंजिनाचा लिव्हर मागे ओढून त्याची ताकद कमी केली, पुढे ते इंजिन बंदच केलं आणि चूक कळली तेव्हा परत चालू करायला उंचीच उरली नव्हती. त्याआधी धावपट्टीवर ऑटोफेदर तयार असल्याचा दिवा लागला नव्हता, तरी टेकऑफ सोडलं नाही. म्हणून सोल्डरला निमित्त म्हणा पण 'निमित्तमात्र' नको, त्याने त्याचा दोषच पुसला जातो. सगळं मिळून 'कारणीभूत' बरोबर बसतं. आणि 'कावळा बसायला नि फांदी मोडायला' तर इथे अजिबात नको, इथे एकातून दुसरं घडलंय.

– फेदर केला म्हणजे? एका ठिकाणी 'पाती मिटली' वाचलं.

– मिटत नाहीत हो, जागच्या जागी फिरतात. पात्याची रुंद बाजू वाऱ्याला अडते म्हणून ते वळवून धार समोर आणायची, होडीवाला वल्हं पाण्याबाहेर काढलं की आडवं धरतो तसं. मी 'पाती वाऱ्याच्या रेषेत वळवली' असं लिहीन, आणि पहिल्यांदा तरी शेजारी फेदर हा शब्द ठेवीन.