रविवारी मन भरून येतं, बुधवारपर्यंत कोरडं पडतं. रोजच्या दिवसात विश्वासाने कसं जगता?

निळी शाल (प्रश्न)

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहिते.

माझे सासरे अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत. मिस्टर बाहेरगावी नोकरीला, मुलगी शाळेत. दिवसा मी ऑफिसात असते तेव्हा एक मावशी पप्पांजवळ बसतात. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं माझ्याकडे. कूस बदलणं, डायपर, औषधं, नळीतून भरवणं. तक्रार म्हणून सांगत नाही. पप्पांनी मला कधी सून मानलंच नाही, लेकच मानलं.

प्रश्न वेगळा आहे. रविवारी उपासनेला बसले की मन भरून येतं. गीत म्हणताना डोळे वाहतात. हा आठवडा प्रभूचा हात धरून चालायचं, असं ठरवून घरी येते. सोमवारी ते टिकतं. बुधवार येईपर्यंत आत काही म्हणजे काही उरत नाही. बायबल उघडलं तर एकाच ओळीवर नजर फिरत राहते आणि बसल्या बसल्या डोळा लागतो. प्रार्थनेत 'हे प्रभू'च्या पुढे शब्द फुटत नाही. मंडळीत कुणी विचारलंच तर 'प्रभूची कृपा आहे' म्हणून मोकळी होते.

मागे एक भगिनी म्हणाल्या की विश्वास खरा असला की आनंद चेहऱ्यावर दिसतोच. ते वाक्य मनातून जात नाही. मी ख्रिस्ती म्हणून जगते आहे, की एकामागून एक कामं उरकते आहे? ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी कृपया सांगावं. मोठी पुस्तकं वाचण्याइतका वेळ सध्या नाही.

---

पहाटतारा

भगिनी, जय ख्रिस्त. माझा अनुभव एवढाच की दिवसाची पहिली वेळ देवाला दिली की उरलेला दिवस सावरतो. प्रभू येशू स्वतः पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे (मार्क १:३५). मी रोज साडेचारला उठतो. फोन दुसऱ्या खोलीत, दिवा लावायचा, एक अध्याय वाचायचा आणि गुडघे टेकायचे. सुरुवातीला जड जाईल, पण धरून ठेवा. कोरडेपणा जातो.

---

रात्रपाळी

निळी शाल ताई, मी वॉर्डात सिस्टर होते. सगळी नोकरी तिथेच झाली आणि नावाप्रमाणे रात्रपाळ्याच जास्त केल्या. पुढे घरी आईचंही शेवटपर्यंत मीच केलं. म्हणून जरा हक्काने लिहिते.

पहाटतारा म्हणतात ते वचन खरं आहे. पण तेच शुभवर्तमान पुढे वाचत गेलात तर चौथ्या अध्यायात वादळाने होडी भरत आली आहे आणि प्रभू मागच्या बाजूला उशीला टेकून गाढ झोपला आहे. सहाव्या अध्यायात येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी की शिष्यांना जेवायला सवड नाही, तेव्हा तो त्यांना म्हणतो, चला, एकीकडे जाऊ आणि थोडा विसावा घ्या. जिची रात्र दर दोन तासांनी मोडते तिने साडेचारला उठू नये. तिने झोपावं. यात प्रार्थनेला कमी लेखणं नाही. थकलेल्या माणसाशी देव कसा वागतो ते मी १ राजे १९ मध्ये वाचलं आहे आणि त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

एलीया बघा. कर्मेल डोंगरावर एवढं सगळं घडवून आणलेला संदेष्टा, आणि पुढच्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली पडून म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. त्या घडीला देव त्याला एक शब्द सुनावत नाही. दूत येतो, हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत आडवा होतो. परत झोपला म्हणून कुणी त्याला बोल लावत नाही. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला लावतो आणि कारण काय सांगतो? वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. तुझा विश्वास कमी पडला, असं तो म्हणत नाही. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न, तो मंद आवाज, पुढचं काम, सगळं त्यानंतर. आधी झोप आणि अन्न. हा क्रम देवाने ठेवलेला आहे, तुम्ही आम्ही तो उलटा का करायचा?

आता तुमचा प्रश्न, की हे ख्रिस्ती जगणं की नुसती कामं. १ तीमथ्य ५:४ काढून बघा. विधवांच्या सांभाळाबद्दल लिहिताना पौल म्हणतो की मुला-नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्माने वागायला शिकावं, वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत, देवाला हे आवडतं. म्हणजे पप्पांचा डायपर बदलणं हा भक्तीच्या आड येणारा वेळ धरायचा नाही. वचन त्यालाच भक्ती म्हणतं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, लिहिलेलंच आहे.

आणि चेहऱ्यावरच्या आनंदाबद्दल. त्या भगिनींचा हेतू चांगला असेल. पण स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं वळणसुद्धा नाही. तरीही ते स्तोत्रांत आहे आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी ते देवासमोर म्हटलं आहे. कुणी ते काढून टाकलं नाही.

मी काय करायचे ते सांगते. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ निघेना तेव्हा मी ती हाताच्या कामाला बांधून टाकली. आईला कुशीवर वळवायचं म्हणजे एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, सावकाश आपल्याकडे ओढायचं. मग पाठीला उशी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, हाडाला हाड लागू नये म्हणून. पोटरीखाली एक लहान उशी, टाच गादीला न टेकता अधांतरी राहील अशी. मग माकडहाडावरची कातडी बघायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची, पांघरूण घालायचं. यातल्या एकेका कामाला मी स्तोत्र १२१ मधली एकेक ओळ दिली होती. पाठीला उशी लावताना, मला मदत कुठून येईल, ती परमेश्वराकडून येते. पाय सरळ करताना, तो तुझा पाय ढळू देणार नाही. पांघरूण ओढताना, इस्राएलाचा राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही. रात्री दोन वाजता ही शेवटची ओळ म्हणून बघा ताई. तो जागा आहे म्हटल्यावर मला जागं राहायचं कारण नाही, असं म्हणून मी खरोखर पाठ टेकायचे.

मोठ्याने म्हणा. पप्पांना बोलता येत नसलं तरी ऐकू येत असेल, असंच धरून चालायचं. वॉर्डात आम्हाला हेच शिकवलं होतं. माझ्या मनात भाव कधी यायचा, बऱ्याच रात्री नाही यायचा. नाही आला तरी आईची कूस बदललेली असायची आणि वचन तिच्या कानावर पडलेलं असायचं. ते दोन्ही खरंच झालेलं होतं, माझ्या मनात काय होतं यावर ते अवलंबून नव्हतं.

'हे प्रभू'च्या पुढे शब्द नाहीत म्हणता ना? तेवढं पुरे. रोमकरांस ८:२६ मध्ये, प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असं आहे. बुधवारची प्रार्थना त्याच्यावर सोडा.

---

घंटानाद

मी कॅथलिक आहे, आमच्याकडचं एक नाव सांगतो. ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेले, १६९१ मध्ये वारले. आधी सैनिक, लढाईत जखमी झालेले. पुढे पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात दाखल झाले, पण धर्मगुरू म्हणून नव्हे. स्वयंपाकघरात लावले गेले आणि वर्षानुवर्षं तिथेच राबले. त्या कामाचा त्यांना मुळात तिटकारा होता. शेवटी पाय साथ देईनात तेव्हा चपला दुरुस्त करायला बसवलं.

लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला यायचे, कारण भांड्यांच्या खडखडाटात, चारचौघं एकदम हाका मारत असताना, हा माणूस देवापुढे गुडघे टेकल्यासारखाच शांत असे. पण रात्रपाळी ताईंच्या म्हणण्याला जोड म्हणून मुद्दाम सांगतो, सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनीही आतून फार यातनेत काढली. देवाने आपल्याला टाकलं आहे असंच त्यांना वाटायचं. तो काळ संपण्याची वाट बघत ते थांबले नाहीत. हातातलं काम देवाच्या प्रेमाखातर करायचं, लक्ष भरकटलं की स्वतःला दोष देत न बसता परत त्याच्याकडे वळायचं, एवढंच धरून राहिले.

---

मोहरीचा दाणा

आमच्या मंडळीत मी पंचांपैकी एक. दुसऱ्या बाजूने थोडं सांगतो.

तुम्ही 'प्रभूची कृपा आहे' म्हणता आणि आम्ही 'काही लागलं तर सांगा' म्हणतो, आणि दोघंही घरी जातो. 'काही लागलं तर' याला कुणी कधी उत्तर देत नाही. म्हणून नेमकं मागा. 'गुरुवारी सात ते नऊ पप्पांजवळ बसायला कुणी येईल का?' एवढंच, वार आणि वेळेसकट. अशा विनंतीला माणूस मिळतो, हे मी बघत आलो आहे. पाळकांना हेही सांगा की पप्पांसाठी घरी प्रभुभोजनाचा विधी हवा आहे. तुमच्या घरात चार आवाज एकत्र प्रार्थना म्हणतील, त्याचा आधार तुम्हालाही होईल.

निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना वर धरून ठेवलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला आणखी नेट लावायला सांगितलं नाही. आधी बसायला धोंडा आणून दिला, मग एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, सूर्य मावळेपर्यंत. आणि एलीयाचं पुढचं राहिलंच. 'मी एकटाच उरलोय' असं तो दोनदा म्हणतो. देव सांगतो, बाल नावाच्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत. आणि जोडीला अलीशा देतो. एकटीने पार पाडायचं असं प्रभूने तुम्हाला कुठेही सांगितलेलं नाही.

---

पहाटतारा

रात्रपाळी ताईंचं सगळं वाचलं. मी साडेचारला उठतोच. तर निळी शाल भगिनी, तुम्ही त्या वेळी झोपा, तुमच्या वाटणीची प्रार्थना मी करतो. मार्क २ मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. पप्पांसाठी, तुमच्यासाठी आणि मुलीसाठी, उद्यापासून. नावं प्रभूला ठाऊक आहेत.

---

निळी शाल

काय लिहू कळत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री पोटरीखाली उशी ठेवली आणि १२१ मोठ्याने म्हटलं. पाठ नव्हतं, फोनवर उघडून वाचलं. पप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. वळताना आधार म्हणूनही धरलं असेल, पण एरवी ते गादीची कड धरतात. पहाटतारा भाऊ, साडेचारला मी झोपलेली होते, आणि 'आपण उठायला हवं होतं' हा विचार पहिल्यांदाच आला नाही.

मंडळीच्या सेक्रेटरींना फोन केला. आवाज थरथरला, पण 'गुरुवारी सात ते नऊ' एवढं बोलले. महिला मंडळातल्या एक आजी येणार आहेत, स्वतः परिचारिका होत्या म्हणे.

रात्रपाळी ताई, दोन गोष्टी विचारते. उजव्या टाचेवर लालसर डाग दिसतोय, तेल लावून चोळू का? आणि १२१ शिवाय रात्रीसाठी आणखी एखादं लहान स्तोत्र सांगाल का?

---

रात्रपाळी

चोळू नका, अजिबात नाही. लाल जागा चोळली की आतली कातडी आणखी दुखावते. डागावर बोट दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर टाच पूर्ण अधांतरी ठेवा आणि दर वेळी कूस बदलताना बघत राहा. दाबूनही लालच राहिला, किंवा फोड आला, कातडी उघडली, तर उद्याच डॉक्टरांना दाखवा, थांबू नका. गुरुवारी येणाऱ्या आजींनाही दाखवून घ्या, त्यांची नजर तयार असेल.

स्तोत्रांचं म्हणाल तर १३४. तीनच वचनं आहेत आणि रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहेत. हात वर करून धन्यवाद द्या, असं त्यात सांगितलंय. तुमचे हात उशीखाली अडकलेले असतील, तरी चालेल. ज्या रात्री धन्यवाद तोंडातून निघणार नाही त्या रात्री १३ घ्या. तेही लहान आहे, आणि 'किती काळ' असं चार वेळा विचारतं. दोन्ही एकदम पाठ करायला जाऊ नका. आधी १२१ हातात बसू दे.

गुरुवारी त्या दोन तासांत ओटा आवरत बसू नका. आतल्या खोलीत जाऊन दार लावा आणि झोपा. टाचेचं काय झालं ते शुक्रवारी इथेच कळवा.