आधी वॉशर बघा, मग यंत्रणा बदला
कमोडमध्ये पाणी सतत झिरपतंय म्हणून टाकीतली अख्खी यंत्रणा बदलायची का, असं एकाने विचारलंय. घाई नको. आधी टाकीचं झाकण काढून बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी उभी नळी) जात असेल तर दोष टाकी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली घ्या. पातळी नळीच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर खाली हवी. तसं नसेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला की तळाचं रबरी वॉशर गेलं समजा.

दोन बटणांच्या बऱ्याच टाक्यांत मधला भाग पाव वळसा फिरवला की वर निघून येतो. वॉशर तिथेच, खालच्या टोकाला. कधीकधी नुसता क्षार साचलेला असतो, पुसला की काम झालं! मी हे न बघता सगळं उचकटून बसलो होतो, तेव्हा अनुभवाचे बोल.

तरीही बदलायचंच असेल तर अँगल कॉक (टाकीला पाणी सोडणारा छोटा नळ) बंद करून टाकी रिकामी करा आणि जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जा. तळाचं भोक 2 इंची की 3 इंची, हे नुसतं आठवून सांगता येत नाही. प्लास्टिकचे नट हातानेच आवळा, पान्याने चिरतात. आणि टाकी कमोडवरच बसवलेली असेल तर दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करा, नाहीतर सिरॅमिकला तडा जातो.